पोरांसाठी जाहिरात करताय? या चुका टाळा

जून उजाडला की इंदूरमधले दुकानदार आणि क्लासवाले आमच्याकडे येतात. मागणी एकच: 'पोरांना आवडेल असं काहीतरी कूल करा, आणि परवापर्यंत द्या.'

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पन्नाशीच्या माणसाने सोळा वर्षांच्या पोराचं बोलणं उसनं घेणं. विजयनगरकडच्या एका कपड्यांच्या दुकानासाठी आम्ही साधं होर्डिंग दिलं होतं: टी-शर्ट, किंमत, दुकानाचा पत्ता. मालकांना ते थंड वाटलं. त्यांनी स्वतःच उलटी टोपी घातली, गॉगल चढवला, फोटो काढवला आणि वर छापून घेतलं, 'भिया, अपना स्वैग ही अलग है!' आठवडा उलटायच्या आत त्या फोटोचा व्हॉट्सॲप स्टिकर झाला. मालक खूश, म्हणे आपण व्हायरल झालो. पोरं येत होती खरी, पण होर्डिंगखाली तशीच बोटं वर करून सेल्फी काढायला. टी-शर्ट दुसरीकडून घेत होती. आणि भाडं महिन्याचं आधीच भरलेलं, त्यामुळे ते होर्डिंग महिनाभर तसंच.

यावर माझा उपाय ठरलेला आहे. मसुदा ओळखीच्या दोन-तीन पोरांना दाखवायचा, त्यांचे आईवडील शेजारी नसताना. 'आवडलं का?' असं विचारायचं नाही, पोरं पाणीपुरीसाठी हो म्हणतात. 'हे कुणी लिहिलं असेल?' असं विचारायचं. उत्तर 'कोणीतरी अंकल' आलं की कागद फाडायचा. मालक म्हणतात, एवढा वेळ कुठाय? होर्डिंगच्या भाड्याला पैसा असतो, एका संध्याकाळीला वेळ नसतो.

दुसरी चूक उपदेशाची. शाळा, संस्था, व्यसनमुक्तीवाले यात हमखास सापडतात: काळी पार्श्वभूमी, कवटी आणि 'व्यसन से दूर रहो'. या वयाच्या मुलाला 'करू नको' म्हटलं की करायचं कारण मिळतं. अमेरिकेत याचे दोन नमुने एकाच वर्षी, 1998 मध्ये, समोर आले. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने 'विचार कर, ओढू नकोस' अशा अर्थाची मोहीम काढली. पुढच्या अभ्यासात दिसलं की ती पाहिलेल्या मुलांचं तंबाखू कंपन्यांबद्दलचं मत उलट सुधारलं. फ्लोरिडा राज्याने मुलांनाच सोबत घेऊन 'ट्रुथ' नावाची मोहीम केली. तिचा रोख फुप्फुसांपेक्षा कंपन्यांवर होता: हे लोक तुम्हाला गंडवताहेत. दोन वर्षांत तिथल्या मिडल स्कूलमधलं (सहावी ते आठवी) सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण 18.5 टक्क्यांवरून 11.1 टक्क्यांवर आलं. श्रेय एकट्या जाहिरातीचं नाही, सोबत शाळांतलं कामही होतं. पण मुलांचा राग कुठे वळवायचा हे मोहीमवाल्यांना कळलं होतं. आपल्याकडे गुटख्याविरुद्ध असं पोस्टर सुचवा, समितीतले काका पुन्हा कवटीवर येतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. इंदूरच्या भंवरकुआँ भागातले क्लासवाले एकाच पत्रकात मुलांना आणि आईबाबांना गाठायला बघतात. पैसे आईबाबा देतात, तेव्हा त्यांना फी आणि बॅचची वेळ सांगा, आणि मुलाला एक तास फुकट वर्गात बसू द्या. टॉपरांचे पासपोर्ट फोटो कोणी वाचत नाही.

रीलवाल्याला पैसे दिलेत तर ती जाहिरात आहे हे लिहायला लावा. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेचा तसा नियम 2021 पासून आहेच. त्याने पैसे घेतल्याचं पोरांना काही वाटत नाही, लपवलेलं मात्र खटकतं.

कोणी 'पोरांच्या आवडी हेरून नेमकी जाहिरात दाखवतो' म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. 18 वर्षांखालच्यांसाठी इन्स्टाग्राम 2023 पासून जाहिरातदाराला फक्त वय आणि ठिकाण निवडू देतं, आणि आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही मुलांवर अशी पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिरात दाखवायला मनाईची तरतूद आहे.

परीक्षेच्या दिवसांत मोठा खर्च करू नका. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अटी लागू' छापू नका. पोरं फोटो काढून मोठा करून वाचतात, आणि मग ग्रुपवर टाकतात.