आइस हॉकीत मानेचे मणके कसे जपावेत

आइस हॉकीत मान मोडण्याचा प्रसंग बहुधा रिंकच्या (बर्फाच्या मैदानाच्या) कडेला, बोर्ड्सजवळ म्हणजे मैदानाभोवतीच्या कठड्याजवळ घडतो. पाठीमागून धक्का बसतो, तोल जातो आणि खेळाडूचा माथा थेट बोर्ड्सवर आदळतो. एरवी मानेच्या मणक्यांना जो हलका बाक असतो, तो स्नायूंच्या साहाय्याने बराचसा धक्का पचवतो. मात्र हनुवटी छातीकडे साधारण 30 अंश झुकली की बाक नाहीसा होऊन मणके सरळ रेषेत येतात. मग डोके बोर्ड्सवर अडते, धड वेगाने पुढे येतच राहते आणि दोहोंच्या कचाट्यात फुटलेल्या मणक्याचे तुकडे मज्जारज्जूत घुसू शकतात.

म्हणून आपण आदळणार हे लक्षात येताच मान खाली घालू नये. डोके लपवण्याची ऊर्मी स्वाभाविक असते, पण तीच घात करते. नजर वर ठेवावी, चेहऱ्याला थोडे लागले तरी चालेल, आणि हात, खांदा, कंबर किंवा पाठ यांपैकी जे जमेल ते डोक्याच्या आधी बोर्ड्सला टेकवावे. बोस्टन विद्यापीठाचा ट्रॅव्हिस रॉय 20 ऑक्टोबर 1995 रोजी आपल्या पहिल्याच सामन्यात, बर्फावर उतरल्यानंतर अवघ्या 11 सेकंदांत, बोर्ड्सवर डोक्याने आदळून कायमचा अपंग झाला. तो स्वतःच प्रतिस्पर्ध्याला धडक द्यायला निघाला होता. तेव्हा ही सवय धक्का खाणाऱ्याइतकीच देणाऱ्यालाही हवी.

ती अंगवळणी पडण्यासाठी सराव संथ गतीने सुरू करावा. पक (खेळातली रबरी चकती) बोर्ड्सपाशी ठेवावा, त्याच्याकडे समोरून न जाता तिरपे जावे, पोहोचण्यापूर्वी खांद्यावरून मागे एक नजर टाकावी आणि गुडघे वाकवून, अंग बोर्ड्सला समांतर करून मगच पक घ्यावा. बोर्ड्सला अगदी लगटून राहावे किंवा पुरेसे दूर. त्यांच्यापासून मीटर-दीड मीटरवर पाठ फिरवून थांबणे सर्वांत धोक्याचे. मानेचे स्नायू बळकट करणारे व्यायाम जरूर करावेत, पण चुकीच्या स्थितीत आदळलेली मान केवळ त्यांच्या भरवशावर वाचत नाही.

साहित्याबद्दलही गैरसमज आहेत. हेल्मेट कवटीचे रक्षण करते, मानेचे नव्हे. नेक गार्ड स्केटच्या पात्याने होणाऱ्या जखमेपासून वाचवतो, मणक्यांना त्याचा आधार नाही.

पाठीमागून धक्का देणे नियमबाह्य आहेच. तरीही समोरच्याच्या पाठीवरचा क्रमांक दिसला की धडक टाळावी, हे प्रशिक्षकाने लहान वयातच मुलांच्या मनावर बिंबवावे. उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी त्यासाठीच जर्सीच्या पाठीवर लाल ‘स्टॉप’ चिन्ह लावतात.

इतके करूनही कोणी पडून राहिला आणि मान दुखते, हातापायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा वाटतो असे म्हणाला, तर त्याला उठवू नये, बसवूही नये. डोके आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरून वैद्यकीय मदत बोलवावी. खांद्याचे पॅड अंगावर असताना नुसते हेल्मेट काढल्यास डोके मागे कलंडते, त्यामुळे ते काढू नये. श्वासासाठी वाट मोकळी करायची असेल, तर प्रशिक्षित व्यक्तीने केवळ चेहऱ्यावरची जाळी काढावी. खेळाडू आपणहून उठला, तरी तपासणीपूर्वी त्याला पुन्हा बर्फावर उतरू देऊ नये.