गडचिरोलीत बाँड करायला निघालेल्यांसाठी

एमबीबीएसनंतरची बाँडची, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची, वर्षभराची पोस्टिंग बहुतेकांना शिक्षाच वाटते. मीही दहा लाख दंड भरून सुटता येतंय का, ते बघितलं होतं. पैसे जमले नाहीत, म्हणून गडचिरोलीतल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रुजू झालो. डोक्यात हेमलकसा: १९७३ साली भामरागडच्या जंगलात जाऊन राहिलेले डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. सेवा म्हणजे डॉक्टर एकटा आणि दारात रांग, असं चित्र.

पहिल्याच पावसाळ्यात नाल्याला पूर आला. पलीकडच्या गावातली आशाताई बाळ आणि बाळंतीण डोंग्यातून घेऊन आली. म्हणाली, "श्वास मिनिटाला ६८." दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त म्हणजे धोका. मी स्टेथो कानाला लावायच्या आत निम्मं काम झालेलं होतं.

याची मुळं याच जिल्ह्यात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११पासून देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. म्हणून तिथे गेल्यावर पहिले पंधरा दिवस ओपीडीपेक्षा आशांच्या मीटिंगला जास्त बसा. त्यांना शिकवायला नाही, ऐकायला.

मण्यार सापाचं मात्र पाठ करून जा. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावतो, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. सकाळी पोट दुखतं म्हणून माणूस येतो आणि पापण्या मिटायला लागतात. अँटिव्हेनमच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) दहा बाटल्या सुरू करा, पण श्वास थांबला तर जीव अंबू बॅगवर, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीवर असतो. आमच्याकडे १०८ येईपर्यंत परिचर, ड्रायव्हर आणि मी आळीपाळीने ती दाबत बसलो होतो. बॅग शाबूत आहे ना, हे रुजू झाल्या दिवशीच तपासा.

'दिवसातून तीनदा' लिहू नका. सूर्य कुठे असताना गोळी घ्यायची ते हाताने दाखवा. इथली माडिया भाषा येणारी नर्स सोबत असेल तर उत्तमच.

पगार उशिरा होतो, तीन महिन्यांचे पैसे गाठीला ठेवा. नीट पीजीची पुस्तकं न्या, पण लाइट जाते. हेडटॉर्च घ्या, सेलवाला.