जुनी माझदा एमएक्स-५ सांभाळताना या चुका टाळा

आपल्याकडे माझदा म्हटलं की डोळ्यांसमोर स्वराज माझदाची मिनीबस येते. त्याच माझदाने फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये दोन सीटची, टप उघडणारी, एक टनाहून हलकी एमएक्स-५ मांडली. अमेरिकेत ती मियाटा झाली, जपानात युनोस रोडस्टर. २०१६ साली कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. भारतात ती अधिकृतपणे कधी विकायला आली नाही, पण इंग्लंड-अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक चाळिशी गाठली की तिच्या जाहिराती चाळू लागतात. मीही त्यातलाच. माझ्याकडे १९९१ची युनोस आहे. इंग्लंडात असते, गॅरेज नाही, घरासमोर उघड्यावर उभी.

पहिल्या पिढीच्या (१९८९ ते १९९७) या गाडीत अनाकलनीय असं काही नाही. घरच्या पान्यांनी निम्मी कामं होतात. तरी लोक तिच्यावर वारेमाप खर्च करतात, कारण या गाडीचा आजार जिथे दिसतो तिथे तो बहुतेकदा नसतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं मीही दोन वर्षं केलं. त्यातून हे लिहितोय.

कार्पेट ओलं दिसलं की टप बदलणं

पहिल्याच नोव्हेंबरात सीटमागचं कार्पेट पिळून काढावं इतकं ओलं झालं. मी टपावर संशय घेतला. आधी वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारला, मग काचांची रबरं बदलली, मग शिवणीवर सीलंट फासलं. पाणी येतच राहिलं. नव्या टपाची किंमत काढून झाली होती. तेवढ्यात चिपळूणला बाबांशी फोनवर बोलताना हे रडगाणं गायलो. बाबांनी या जन्मात स्पोर्ट्स कार जवळून पाहिलेली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, टपावरचं पाणी जातं कुठून? पन्हळ असेल ना काहीतरी. ती साफ केलीस का?"

पन्हळ आहे. टपाची मागची कड जिथे बॉडीला आवळलेली असते तिथे आतून ती आडवी जाते. दोन्ही टोकांचं पाणी सीटमागे सीटबेल्ट जिथून निघतो त्या उभ्या बुरुजाशेजारच्या भोकात उतरतं, तिथून नळीवाटे मागच्या चाकाच्या थोडं पुढे गाडीखाली पडतं. रेक्झिनचा टप धडधाकट असतो, तुंबलेली असते ती ही नळी. मग पाणी भोकाच्या काठावरून आत उलटतं आणि सीटमागे साचतं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. टप खाली करा, सीटबेल्टच्या बुरुजाजवळचं भोक बॅटरीच्या उजेडात शोधा आणि तांब्याभर पाणी हळूहळू ओता. चाकापुढे लगेच धार लागली तर ठीक. थेंब थेंब पडत असेल किंवा पाणी भोकातच उभं राहिलं असेल, तर नळी तुंबली आहे. माझ्या नळीतून सुईसारखी पानं, काळा गाळ आणि टपाच्याच कापडाचे धागे निघाले. शेवटी आत गुळगुळ असा आवाज झाला आणि चहासारखं पाणी भस्सकन रस्त्यावर सांडलं. कोकणातल्या घराची पन्हळ मे महिन्यात शिडी लावून साफ करणाऱ्या माणसाला जे दिसलं, ते मला सीलंटच्या दोन ट्यूब संपवूनही दिसलं नव्हतं.

साफ करतानाही एक चूक होते: कपड्याच्या हँगरची कडक तार खुपसणं किंवा कॉम्प्रेसरची हवा मारणं. तारेने नळी फाटते, हवेने ती जोडातून निसटते. मग पाणी थेट आतल्या पोकळीत. पडद्याची प्लास्टिक चढवलेली स्प्रिंगची तार किंवा गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी, टोक जरा गुळगुळीत करून, फिरवत फिरवत घालायची. वर्षातून दोनदा. पानगळ संपल्यावर नक्की.

हे टाळलं तर काय होतं ते कार्पेटमध्ये दिसत नाही. दाराखालची सिल ही पत्र्याची पोकळ पेटी असते. तुंबलेलं पाणी तिच्या मागच्या टोकात मुरतं, वरून इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ असतंच. मागच्या चाकापुढे रंगाला फोड आलेला दिसला तर तो वरचा गंज समजून घासू नका. पत्रा आतून खाल्ला गेला आहे, फोड ही शेवटची पायरी. एमओटीच्या वार्षिक तपासणीत गाड्या नापास होण्याचं हे ठरलेलं ठिकाण. विकत घेताना इथे चुंबक लावून बघा. पुट्टी आणि रंगाचा थर चढवलेला असेल तर चुंबक धरत नाही. जपानातून आलेल्या युनोसचा पत्रा बरेचदा चांगला निघतो, कारण जपानच्या बऱ्याच भागात रस्त्यावर मीठ पडत नाही. पण ती इंग्लंडात येऊन वीस वर्षं झाली असतील तर त्या पुण्याईवर फार काळ जगता येत नाही.

जॅक लावतानाही हाच पत्रा मार खातो. सिलच्या खालच्या कडेवर जॅक टेकवायच्या ठरलेल्या जागा आहेत. त्या सोडून मध्येच कुठे लावला की कड मुडपते, रंग तडकतो आणि गंजाला दार उघडं.

डिकीत साधी बॅटरी बसवणं

बॅटरी बॉनेटखाली नाही, डिकीत आहे. कंपनीने तिथे सीलबंद, छोटी, वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची बॅटरी दिली होती. ती महाग म्हणून कुणीतरी मापात बसणारी साधी ॲसिडची बॅटरी बसवतं. चार्ज होताना तिची वाफ बंद डिकीत कोंडते. वर्षा-दोन वर्षांत बॅटरीखालचा पत्रा पापडासारखा होतो, आणि पुन्हा दोष टपाच्या गळतीवर. सीलबंद एजीएम बॅटरी (जिच्यात ॲसिड मोकळं नसतं, काचेच्या चटईत शोषलेलं असतं) घ्या, नळ्या असतील तर जागच्या जागी जोडा. या एका वस्तूत काटकसर नको.

तेलाचा डाग पाहून गिअरबॉक्स उतरवायला निघणं

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात बरोबर तिथून तेल ठिबकू लागलं. एका गॅरेजने खालून टॉर्च मारला आणि निकाल दिला: क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, दोन दिवसांचं काम. मी रक्कम ऐकून गाडी घरी आणली.

या इंजिनात हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, अगदी मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला) खेटून, कॅम अँगल सेन्सर असतो. ठिणगी कधी पडावी हे तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्याला एक रबरी ओ-रिंग असते. तीस वर्षांत ती बांगडीसारखी कडक होते. तिथून झिरपलेलं तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरत उतरत खाली नेमकं त्याच जोडावर येतं. खालून पाहणाऱ्याला ते सील फुटल्यासारखंच वाटतं. म्हणून आधी वरून बघा. हात फायरवॉल आणि इंजिन यांच्या फटीत घाला, सेन्सरच्या बुडाला बोट फिरवा. बोट काळं, ओलं आलं तर उत्तर मिळालं. वरून कोरडं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बघा, आणि तेही कोरडं असेल तरच खालच्या सीलचा विचार करा.

ओ-रिंगची किंमत एका कप चहाची. काम मात्र अडचणीचं, बोटं सोलतात. आणि एक गोष्ट विसरलात तर नवीन आजार ओढवून घ्याल: सेन्सर काढण्याआधी त्याची जागा पांढऱ्या रंगाच्या रेघेने इंजिनावर आखून ठेवा. सेन्सर फिरला की इग्निशनचं टायमिंग फिरतं. काम झाल्यावर टायमिंग लाइटने तपासलं तर उत्तमच, पण त्याआधी बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत टेन आणि जीएनडी या दोन खाचा तारेच्या तुकड्याने जोडाव्या लागतात. ते न करता घेतलेलं माप खोटं, कारण तेव्हा कॉम्प्युटर स्वतःच टायमिंग हलवत असतो. कंपनीचा आकडा १० अंश.

झटके खाते म्हणून पेट्रोलच्या मागे लागणं

ओलसर सकाळी, चढावर, पाय दाबला की गाडी ठेचकाळते. लोक फिल्टर बदलतात, पंप बदलतात, इंजेक्टर धुऊन आणतात. प्लगच्या वायरी मात्र गाडीसोबत म्हाताऱ्या झालेल्या असतात. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर पेट्रोलचा काही दोष नाही. हात मात्र लांब ठेवा, तो झटका विसरता येत नाही.

सिग्नलला थांबताना बंद पडत असेल तर १.६ लिटरच्या गाडीत हवेच्या मोठ्या रबरी पाइपची घडी ताणून बघा. घडीच्या खाचेत चीर पडली की हवा मोजणाऱ्या मीटरला चुकवून हवा आत शिरते. पाइप जागेवर असताना ही चीर मिटलेली असते, म्हणून नुसतं बघून चालत नाही, वाकवावाच लागतो.

क्लच अडला की गिअरबॉक्सला नावं ठेवणं

रिव्हर्स करकरतो, पहिला पडत नाही, पेडल जमिनीला टेकतं. नव्वद टक्के वेळा, हा माझा आकडा, शास्त्राचा नाही, गिअरबॉक्सजवळचा, क्लच ढकलणारा छोटा स्लेव्ह सिलेंडर गळत असतो. खाली जाऊन त्याचं रबरी बूच बोटाने मागे सारा. आतून ब्रेक ऑइल ओघळलं तर झालं. वरचा, पेडलला जोडलेला मास्टर सिलेंडरही त्याच वयाचा असतो. एक नवा बसवला की दुसराही बरेचदा लवकरच रडतो, म्हणून जोडीने बदला. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

हँडब्रेक ढिला म्हणून केबल आवळत राहणं

चुकीच्या टोकाने सुरुवात करण्याचा हा नमुना. ब्रेक पॅड झिजले की मागच्या कॅलिपरमधलं अंतर वाढतं. ते तिथेच जुळवायचं असतं. कॅलिपरच्या मागे एक बोल्ट आहे, तो काढला की आत ॲलन कीची खाच दिसते. चाक अडेपर्यंत ती फिरवायची, मग चाक मोकळं फिरेल एवढी, साधारण तृतीयांश फेरा, उलटी. केबल ताणून ठेवली तर पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं आणि पेट्रोल जास्त खातं.

पॅड बदलताना याच कॅलिपरचा पिस्टन लोक शिकंजा लावून दाबतात. तो दाबायचा नसतोच. त्याच खाचेतून उलटा फिरवत मागे न्यायचा असतो. दाबून तो हलत नाही, म्हणून माणूस अजून जोर लावतो आणि आतला स्क्रू मोडतो.

टकटक आवाज आणि हलणारा काटा

सकाळी सुरू केल्यावर वरून टकटक येते ती हायड्रॉलिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या तेलाने भरणाऱ्या टोप्यांची. तेल चढलं की थांबते. थांबत नसेल तर आधी तेल आणि फिल्टर बदलून शंभरेक मैल चालवा, इंजिन उघडायची घाई नको. १९९४पर्यंतच्या गाड्यांत तेलाच्या दाबाचा काटा खरा आहे: गरम इंजिन, मंद गती, की तो खाली येतो. येऊ द्या. त्यानंतरच्या गाड्यांत काटा कायम मधोमध उभा, कारण तो फक्त दाब आहे की नाही एवढंच सांगतो. म्हणजे ज्याचा काटा हलतो तो घाबरतो आणि ज्याचा हलत नाही तो निर्धास्त असतो, दोघांचंही चुकतं.

खरी भीती वेगळ्या जागी आहे. १९९१च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना पुढचा बोल्ट नीट आवळला गेला नाही की पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची (इग्निशनची नव्हे) खाच हळूहळू झिजते, टायमिंग सरकतं, ताकद जाते. पुलीच्या तोंडावरच्या खाचा मोजा: चार असतील तर आखूड, आठ असतील तर पुढचं सुधारलेलं. इंजिन मंद चालू ठेवून पुलीकडे समोरून बघा. ती लडखडत असेल तर गाडी चालवू नका. बेल्ट मात्र तुटला तरी या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला आदळत नाहीत. याचा अर्थ तो ६०,००० मैलांपुढे ताणावा असा नाही, रात्री मोटरवेच्या कडेला उभं राहायची हौस असल्याशिवाय.

रेडिएटरच्या वरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग तपकिरी झाला असेल तर गळायची वाट पाहू नका. प्लास्टिक ठिसूळ झालं आहे.

थंडीत मागची काच चेपणं

मागची काच प्लास्टिकची आहे आणि तिला झिप आहे. टप खाली करण्याआधी झिप उघडून काच सपाट पाडायची. सिग्नलला ऊन पडलं म्हणून घाईत झिप न उघडता टप मागे ढकलला की काचेला आडवी घडी पडते. दोन हिवाळ्यांनी तिथेच चीर जाते. कडाक्याच्या थंडीत तर प्लास्टिक वाकतच नाही, मोडतं. तेव्हा आधी हीटर लावून आतून ऊब येऊ द्या. माझ्या काचेला डाव्या कोपऱ्यात पारदर्शक टेपची पट्टी आहे, पहिल्या जानेवारीतली. अजून टिकून आहे, म्हणून बदललेली नाही.