बटणं नेमण्याआधी पोर्टला नंबर द्या

घरच्या संगणकावर जुने आर्केड खेळ खेळायला जॉयस्टिक-बटणांचं पॅनल जोडताय, तर संगणक, पॅड (हातातला गेम कंट्रोलर), एन्कोडर बोर्ड (बटणं-जॉयस्टिकच्या तारा यूएसबीवर आणणारा छोटा बोर्ड), केबली हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालू. त्याखेरीज एक साधा कीबोर्ड शेवटपर्यंत जोडलेला ठेवा, कारण बटणांची नेमणूक (कुठलं बटण खेळात काय करणार ते ठरवणं) अर्धवट असताना पॅड गप्प झाला की मेनूतून बाहेर पडायला दुसरी वाट नसते. आणि कागदी चिकटपट्टी व मार्कर. ही दोन कुणाच्याच यादीत नसतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

घोळ असा. यूएसबीवर प्रत्येक उपकरण दोन आकड्यांनी आपली ओळख सांगतं: एक बनवणाऱ्याचा, एक मालाचा. त्यापुढे सिरियल नंबर असला तर एकाच जातीची दोन उपकरणं वेगळी ओळखता येतात. स्वस्त एन्कोडर बोर्डांत तो बहुधा नसतोच. ‘झीरो डिले’ नावाने मिळणाऱ्या बोर्डांपैकी बरेच 0079:0006 एवढंच सांगून मोकळे होतात. असे दोन बोर्ड लावले की संगणकाला दोन्ही सारखेच दिसतात आणि जो आधी सापडेल तो पहिला ठरतो. आज डावीकडची जॉयस्टिक पहिल्या खेळाडूची, उद्या चालू केल्यावर उजवीकडची. तासभर बसून नेमलेली बटणं बरोबरच असतात, फक्त माणसं बदललेली असतात. मग लोक पुन्हा बटणं नेमायला बसतात. बसू नका, रोग तिथे नाहीच.

म्हणून एकही बटण नेमण्याआधी पोर्ट ठरवा. पुढचे पोर्ट पाहुण्या पॅडसाठी सोडा, पॅनलच्या केबली मागच्या पोर्टांत. पोर्टच्या शेजारी नंबर, केबलच्या संगणकाकडच्या टोकाला तोच नंबर, पॅनलकडच्या टोकालाही तोच. हब असेल तर हबच्या प्रत्येक तोंडाला नंबर आणि हब स्वतः ज्या पोर्टात जातो त्यालाही. खोक्यात हात घालून अंधारात केबली चाचपताना ‘लक्षात राहील’ हे कामाला येत नाही.

नंबर दिले? आता संगणक पूर्ण बंद करा. रीस्टार्ट चालणार नाही. बऱ्याच मदरबोर्डांवर संगणक बंद असतानाही यूएसबीला वीज मिळत राहते, म्हणून भिंतीवरचं बटणही बंद करून थोडं थांबा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ काढून टाका. ते चालू असेल तर बंद केलेला संगणक खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो आणि तुमची चाचणी खोटी ठरते. असं तीन-चारदा करून दर वेळी पहिला पहिलाच राहतो का ते पाहा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची खिडकी उघडून, लिनक्समध्ये जेएस-टेस्ट किंवा ईव्ही-टेस्ट चालवून. नुसती नावं वाचून काही कळत नाही, दोन्हींचं नाव एकच असतं. काठी हलवा आणि कोण हलतंय ते बघा.

अदलाबदल होत असेल तर तीन उपाय. पहिला: विंडोजवर मेम (आर्केड खेळ संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर मेम ‘व्हर्बोज’ पर्यायाने सुरू करा. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची लांबलचक ओळख छापून येते. ती ‘कंट्रोलर’ फाइलमध्ये ‘मॅपडिव्हाइस’च्या ओळीत घाला आणि जॉयकोड 1, जॉयकोड 2 असं बांधून टाका. हे विंडोजच्या पॅड वाचण्याच्या जुन्या पद्धतीत, डायरेक्टइनपुटवर चालतं. नव्या पद्धतीत, एक्सइनपुटमध्ये ओळख म्हणजे नुसता स्लॉटचा आकडा, बांधायला काही उरतच नाही. शिवाय एक्सइनपुटचे स्लॉट चारच, पाचवा पॅड त्या वाटेने दिसणारच नाही. दुसरा: लिनक्सवर उपकरणांच्या नावांच्या ‘बाय-आयडी’ फोल्डरवर विसंबू नका. दोन जुळ्या बोर्डांची नावं तिथे एकमेकांवर चढतात आणि एकच शिल्लक राहतं. शेजारचा ‘बाय-पाथ’ फोल्डर पोर्टच्या जागेवरून नाव देतो, यूडेव्हचा (उपकरणांना नावं देणारी लिनक्सची सोय) नियम त्याच आधारावर लिहा. आणि इथेच चिकटपट्टी लागते. नियम पोर्टला बांधलेला आहे, केबल शेजारच्या भोकात गेली की नियम गेला. पोर्टला नंबर द्या.

तिसरा उपाय पैशाचा, पण कायमच्या पॅनलसाठी मला तोच पटतो: दोन बोर्डांऐवजी दोन्ही खेळाडूंचा एकच बोर्ड, किंवा अल्टिमार्कच्या आय-पॅकसारखा कीबोर्ड एन्कोडर. तो संगणकाला कीबोर्ड वाटतो. आर हे अक्षर आर राहतं, त्याची अदलाबदल कशी होणार? मेमच्या ठरलेल्या कळाही त्यासाठी जुळतात: पहिल्याला बाण, कंट्रोल, आल्ट, स्पेस, शिफ्ट, दुसऱ्याला आर-एफ-डी-जी आणि ए-एस-क्यू-डब्ल्यू, नाणं 5 आणि 6, स्टार्ट 1 आणि 2. फक्त विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ची सूचना आधी बंद करा. चौथं बटण म्हणजे शिफ्ट, आणि मारामारीच्या खेळात ते लागोपाठ पाचदा दाबलं की ऐन रंगात खिडकी उघडते. आल्ट आणि स्पेस एकत्र दाबले गेले तरी खिडकीचा मेनू येतो. हा त्रास झाला तर त्या दोन कळा बदला. साध्या कीबोर्डवर दोघांना खेळवायचा विचार सोडा, पुष्कळ कीबोर्ड एका वेळी मोजक्याच कळा पोचवतात.

वीज. यूएसबी 2.0 च्या पोर्टातून 500 मिलिअँपिअर मिळतात. बिनअडॅप्टरच्या हबला चार पॅड आणि दिव्यांची बटणं लावलीत तर सगळे तेवढ्यातच वाटून घेणार. खेळता खेळता पॅड तुटून पुन्हा जोडला जातो तो बऱ्याचदा यामुळेच, आणि परत येताना क्रमांक बदलून येतो. अडॅप्टरचा हब घ्या. विंडोजच्या वीजबचतीत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा.

एन्कोडरवर मोड, टर्बो, ऑटो अशी तोंडं असतात. त्यांत मारण्याचं बटण चुकून खोचलं तर ते आपोआप गोळ्या झाडतं किंवा काठी अक्षावरून डी-पॅडवर उडी मारते, म्हणजे संगणक तिला दिशांच्या चार कळा समजू लागतो. पॅडवरच्या मोडच्या कळेचंही तेच. काही पॅडांत मोड बदलला की ओळखीचे आकडेच बदलतात, म्हणजे संगणकाच्या लेखी नवाच पॅड. एक मोड ठरवा आणि तोही चिकटपट्टीवर लिहा.

आता बटणं. मेममध्ये टॅब दाबून आधी सर्वसाधारण नेमणूक पूर्ण करा, एकेका खेळाची नंतर. उलट केलंत तर खेळाची फाइल वरचढ ठरते आणि ‘बदललं तरी बदलत नाही’ असं होतं. स्ट्रीट फायटर टू सारख्या सहा बटणांच्या खेळात वरची रांग ठोशांची, खालची लाथांची, डावीकडून हलकं-मध्यम-जोरदार. पॅक-मॅन चार दिशांचा खेळ आहे, आठ दिशांच्या काठीवर वळणं चुकतात. काठीखालची पट्टी फिरवता येत असेल तर फिरवा. सगळे पॅड जोडूनच मेम सुरू करा. जुन्या आवृत्त्यांत एखादा पॅड नसताना बाहेर पडलं की त्याची नेमणूक पुसली जायची.

रेट्रोआर्कमध्ये (मेमसारखंच जुने खेळ चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) प्रत्येक पोर्टचा ‘डिव्हाइस इंडेक्स’ बघा, आणि ‘हॉटकी एनेबल’ला एक बटण द्याच. नाहीतर हॉटकीची (मेनू उघडणं, बाहेर पडणं अशा कामांची) बटणं खेळताना एकेकटी दाबली तरी लागू पडतात.

ब्लूटूथ पॅड आधी जागा होईल तो पहिला, इलाज नाही, ठरलेल्या क्रमाने चालू करा. त्याचं डोंगल यूएसबी 3 च्या पोर्टाला खेटून नको, छोट्या एक्स्टेंशनवर लांब न्या. ट्रॅकबॉल (हाताने फिरवायचे गोळे) दोन असतील तर मेममध्ये ‘मल्टिमाउस’ पर्याय चालू. शेवटी सीएफजी (नेमणुकीच्या) आणि कंट्रोलरच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर, आणि मागच्या बाजूचा एक फोटो, सगळे नंबर दिसतील असा.