इंग्रजी यमक जुळवायला बसताय? आधी जोर कुठे पडतो ते ऐका

खान्देशात सध्या इंग्रजी यमकाला बऱ्यापैकी गिऱ्हाईक आहे. इंग्लिश मीडियमच्या शाळांना गॅदरिंगसाठी वेलकम साँग लागतं, अहिराणी गाणी करणाऱ्या पोरांना ओळीच्या शेवटी एखादा इंग्रजी शब्द ठेवायचा असतो, कुणाला लग्नाच्या रीलसाठी चार ओळी पाहिजे असतात. मी अमळनेरात बसून ही तिन्ही कामं करते. अजून धडपडतेच आहे, घरखर्च यावर भागत नाही. आधीच सांगितलेलं बरं.

यमक म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, तिथे वेळ घालवत नाही. स्पेलिंगच्या नादी लागू नका, हेही कुणीतरी सांगितलं असेलच. लव्ह आणि मूव्ह कागदावर जुळे भाऊ दिसतात, पण तोंडाने म्हटले की नातं संपलं. इलाज सोपा आहे: शब्द देवनागरीत लिहून काढा. लव्ह, ग्लव्ह, अबव्ह एका रांगेत येतात. मूव्ह, प्रूव्ह, ग्रूव्ह दुसऱ्या. वर्ड आणि लॉर्ड आपोआप वेगळे पडतात.

पण खरा घोळ इथूनच सुरू होतो, कारण देवनागरीत आवाज दिसतो, जोर दिसत नाही.

शाळेच्या गॅदरिंगमधली सगळ्यांची लाडकी जोडी घ्या: टीचर आणि फ्युचर. दोन्हीकडे शेवटी ‘चर’ आहे, आपल्या कानाला पुरतं. इंग्रजीत मात्र ते पक्कं यमक धरत नाहीत. तिथला नियम असा, की शब्दात शेवटचा जोर ज्या स्वरावर पडतो, त्या स्वरापासून शेवटपर्यंत सगळं सारखं हवं. टीचरमध्ये जोर ‘टी’वर, म्हणजे ‘ईचर’ जुळलं पाहिजे. म्हणून टीचरचे सख्खे सोबती फीचर, क्रीचर, प्रीचर. फ्युचरला ‘ऊचर’ लागतं, आणि तिथे डॉक्टर टाके घालतात तो ‘सूचर’ हाती येतो. स्वागतगीतात टाके कुठे घालणार?

हेच पुन्हा सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. नेशन आणि स्टेशन पक्कं, डोनेशनही चालतं, कारण तिथे जोर ‘ने’वर आहे. नेशन आणि मोशन पक्कं नाही. मोशनला ओशन, लोशन, डिव्होशन हवेत. सिंगिंग-ब्रिंगिंग जमलं, सिंगिंग-ईटिंग नाही. सिटीला प्रिटी आणि पिटी, ब्यूटीला ड्यूटी. पार्टी-ब्यूटी म्हणजे नुसती ‘टी’ला ‘टी’. मदरला ब्रदर आणि अदर, पण फादर नाही. आणि टुगेदर? जोर ‘गे’वर, म्हणून तो वेदर, फेदर, लेदर यांच्या पंगतीत बसतो. स्वागतगीत लिहिणाऱ्याने ही पंगत पाठच करून ठेवावी.

आपण मराठीत असा जोर देऊन बोलत नाही, म्हणून तो ऐकण्याची कानाला सवय नसते. शिवाय काही शब्द आपण उलट्या जोराने बोलतो. हॉटेल म्हणताना आपला भर ‘हॉ’वर, इंग्रजीत तो ‘टेल’वर, म्हणून त्याला बेल आणि वेल जुळतात, बॉटल नाही. मशीनला ग्रीन, क्लीन, क्वीन. इंजिनिअरला नियर, इयर, फियर.

शंका आली तर कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात 1,34,000हून जास्त शब्द आहेत आणि प्रत्येक स्वरापुढे 0, 1 किंवा 2 असा आकडा असतो. 1 म्हणजे मुख्य जोर, 2 म्हणजे हलका, 0 म्हणजे काहीच नाही. एकाच मुख्य जोराचा शब्द असेल तर 1 शोधा आणि तिथून पुढचं जुळवा. मात्र तो कोश अमेरिकन आहे. त्याच्या हिशेबाने क्लासला गॅस जुळतो. जळगावच्या केळ्यावर गाणं लिहाल तर तिथे ‘बनॅना’ धरून इंडियाना आणि मोंटाना हाती पडतील, तेही ‘ॲ’ लावून. रावेर-यावलच्या माणसाला बनाना म्हटल्यावर दाना आणि गाना आठवतो, तोच घ्या. ऐकणारा कोण, त्याचा उच्चार खरा, असं माझं मत आहे. कापसावर लिहिणाऱ्यांना ही अडचण नाही: कॉटन, रॉटन, फरगॉटन आपल्या तोंडीही नीट जुळतात.

मग टीचर-फ्युचर लिहायचंच नाही का? लिहा की! घाबरू नका. त्याला जवळचं यमक म्हणतात आणि त्यात कमीपणा नाही. एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीने अशी अर्धी यमकं भरपूर वापरली. 1890 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, कविता छापताना संपादकांनी त्यातली काही ‘दुरुस्त’ केली. आज लोक तिची मूळ रूपं वाचतात.

जवळचं यमक शोधायला आपली वर्णमाला कामाची आहे. जोराचा स्वर तसाच ठेवा आणि पुढचं व्यंजन त्याच्या भावकीतलं घ्या. म-न एका घरचे: टाइम-लाइन, होम-फोन. क-ट-प एका घरचे: हार्ट-डार्क, वीक-स्लीप. फ आणि व्ह: लाइफ-अलाइव्ह. स्वर मात्र सोडू नका. गाताना स्वरच लांबतो, व्यंजन अर्धं गिळलं जातं. म्हणून टाइम-लाइन गाण्यात खपतं, आणि टीचर-फ्युचर संथ चालीत उघडं पडतं, ‘टी’ला ‘ई’ ताणली जाते आणि ‘फ्यू’ला ‘ऊ’.

अहिराणीत लिहिणाऱ्यांची तर चंगळ आहे. तिथे ‘ळ’चा ‘य’ होतो, डाळीची ‘दाय’ होते, आणि फ्राय, ट्राय, स्काय, बाय सगळे दारात उभे. दाय आणि फ्राय, एवढं खमंग यमक पुण्या-मुंबईच्या लेखकाला मिळायचं नाही.

गुरू कोण करावा? माझं ऐकाल तर इंग्रजीचे सर नकोत, ढोलकी वाजवणारा धरा. ‘ताई, हाई तालमा बठत नही,’ एवढंच म्हणतो आणि बोट नेमकं चुकीच्या जोरावर ठेवतो. ‘फ्लो आला की यमक आपोआप येतं’ असं सांगून कोर्सची फी घेणारे दुरून ओळखा. एआयला यादी मागायला हरकत नाही, पण लव्ह म्हटलं की तो डव्ह आणि अबव्ह घेऊनच येतो, आणि त्या कबुतराला आता सगळेच कंटाळलेत. सुरुवात लव्हपासून करूच नका. गोल्ड घ्या: ओल्ड, होल्ड, टोल्ड, सोल्ड, कोल्ड. सराफ बाजारातल्या जाहिरातीपासून निरोपाच्या कवितेपर्यंत कुठेही चालतं, आणि हात बसतो.

मन्थ, ऑरेंज, सिल्व्हर यांना रोजच्या बोलण्यातला पक्का जोडीदार नाही. ते ओळीच्या मध्ये ढकला आणि शेवट दुसऱ्या शब्दावर करा. मन्थऐवजी इयरवर ओळ संपवली की नियर, डियर, चियर मिळतात. शाळेच्या सिल्व्हर ज्युबिलीचं गाणं आलं तर ही अडचण हमखास येते, कारण मुख्याध्यापकांना तोच शब्द ओळीच्या शेवटी, ठसठशीत हवा असतो. तो शेवटी येणार नाही, हे ॲडव्हान्स घेण्याआधीच सांगून ठेवा.