भरतीचं गणित साध्या टेक्स्टमध्ये

गेल्या आषाढात मालवणात लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला आणि भरती-ओहोटीच्या गणिताची फाइल काही केल्या उघडेना. पोटात गोळाच आला. तेव्हापासून मुलांना हे आधी शिकवते.

डब्ल्यूएक्समॅक्सिमा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फाइल’मधून ‘सेव्ह ॲज’ घ्या, प्रकार डब्ल्यूएक्सएमएक्सऐवजी डब्ल्यूएक्सएम निवडा. पहिला प्रकार म्हणजे झिप केलेलं गाठोडं. दुसरा साधा टेक्स्ट. नोटपॅडमध्ये उघडलात तर भरतीचा १२.४२ तासांचा आवर्तकाळ सूत्रात जसाच्या तसा दिसेल. पण उत्तरं आणि आलेख त्यात येत नाहीत, आज्ञा आणि टिपा तेवढ्या येतात. म्हणून मूळ फाइल पुसू नका. टेक्स्टची प्रत मात्र पेनड्राइव्हवर टाकाच, पावसाळ्यात तर रोज.