शिफ्ट इन्चार्ज झाल्यावर: शिस्त आणि नम्रता यांनी टीम कशी सांभाळावी

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी औद्योगिक वसाहतींत चांगले काम करणारा ऑपरेटर किंवा फिटर काही वर्षांनी सुपरवायझर होतो आणि पुढे शिफ्ट इन्चार्ज होतो. मशीन कशी चालवायची हे त्याला पक्के ठाऊक असते, पण वीस-पंचवीस माणसांना सोबत घेऊन काम कसे करायचे हे त्याला बहुधा कोणी शिकवलेले नसते. मीही असाच वर आलो आणि बऱ्याच गोष्टी चुका करूनच शिकलो. नव्याने ही जबाबदारी घेणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून त्या येथे लिहीत आहे. कार्यालय, दुकान किंवा रुग्णालयात टीम सांभाळणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल, असे मला वाटते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. कामात काही बिघडले तर ते तुमच्यापर्यंत किती लवकर पोहोचते, यावरून तुमची टीम कशी आहे हे ठरते. उत्पादनाचा आकडा महिनाअखेरीस दिसतो, पण वाईट बातमी त्याच क्षणी हवी असते. शिस्तीमुळे ती बातमी देण्याची वाट ठरून जाते, आणि प्रमुख नम्र असला तरच त्या वाटेने कोणी यायला धजतो.

हे मला ज्या प्रसंगातून कळले तो सांगतो. एका मसाला पॅकिंगच्या कारखान्यात मी दुसऱ्या पाळीचा इन्चार्ज होतो. एका हेल्परने शंका आली म्हणून मशीन थांबवली, तपासल्यावर काहीच निघाले नाही, आणि दहा मिनिटांचे उत्पादन बुडाले म्हणून मी त्याला भर लाइनवर, सगळ्यांसमोर झापले. पुढच्याच आठवड्यात सीलिंग मशीनच्या जबड्यावरची टेफ्लॉनची पट्टी जळाली, सीलच्या जागी मिरचीची भुकटी अडकू लागली, आणि पाकिटे वरून बंद दिसत असली तरी बोटाने दाबली की कोपऱ्यातून हवा सुटू लागली. त्या हेल्परच्या ते लक्षात आले होते, पण त्याने ते शेजारी पाकिटे मोजणाऱ्या ताईंना सांगितले, मला सांगितले नाही. पाळी संपेपर्यंत सगळा माल खोक्यांत भरला गेला आणि काही दिवसांनी त्यातला बराचसा परत आला. मी त्याला बाजूला बोलावून विचारले, तेव्हा तो खाली बघत एवढेच म्हणाला, ‘मागच्या येळेस तुम्हीच बोलले होते ना, साहेब.’

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी मी त्याच लाइनवर, त्याच माणसांसमोर सांगितले की त्या दिवशी मशीन थांबवणे बरोबर होते आणि मी रागावलो ती माझी चूक होती. ज्या जागी आणि ज्यांच्यासमोर एखाद्याचा मान गेला, तो तेथेच परत द्यावा लागतो. केबिनमध्ये बोलावून हळूच मागितलेली माफी त्या एकट्याला कळते, बाकीचे मात्र गप्प राहायचे असते हेच धरून चालतात. तेव्हापासून मी एक नियम स्वतःला घालून घेतला आहे: शंकेपोटी काम थांबवणाऱ्याला, शंका खोटी ठरली तरी, कधीही बोल लावायचा नाही. उलट कशामुळे शंका आली ते विचारायचे आणि तपासणी दोघांनी मिळून करायची.

नियम थोडे असावेत

शिस्त म्हटले की नियमांची लांबलचक यादी भिंतीवर लावण्याचा मोह होतो. माझ्या अनुभवात चार गोष्टींचे नियम पुरतात: वेळ, सुरक्षा, नोंद आणि पाळी सोपवणे. यापलीकडचे नियम जितके वाढवावेत तितके ते मोडले जातात, आणि मोडलेल्या नियमाकडे एकदा डोळेझाक केली की उरलेल्या नियमांनाही कोणी जुमानत नाही.

नियमाची सुरुवात स्वतःपासून करावी, हे सगळेच सांगतात, पण ते रोज पाळायचे कसे हे सहसा कोणी सांगत नाही. सात वाजताच्या पाळीला तुम्ही पावणेसातला मशीनजवळ दिसले पाहिजे, केबिनमध्ये नव्हे. हेल्मेट, टोपी, हातमोजे हे तुम्ही दोन मिनिटांसाठी आत गेलात तरी अंगावर हवेत, कारण तुमच्या त्या दोन मिनिटांकडेच सगळ्यांचे लक्ष असते. एखाद्या दिवशी तुम्हालाच उशीर झाला तर मस्टरवर खरी वेळ लिहावी आणि इतरांना उशिराबद्दल जे लागू होते ते स्वतःलाही लागू करावे. मी एकदा वर्धा रोडवरच्या वाहतुकीत अडकून वीस मिनिटे उशिरा पोहोचलो आणि तशी नोंद केली, तेव्हा त्या महिन्यात उशिराबद्दलच्या तक्रारी आपोआप कमी झाल्या. उपदेशाने हे कधी साधले नसते.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे मर्जीतला माणूस. प्रत्येक इन्चार्जचा एखादा हुशार, कोणत्याही अडचणीत धावून येणारा फिटर असतो, आणि नेमका तोच उशिरा येतो किंवा नोंद करायची टाळतो. त्याला सूट दिलीत की बाकीच्या चोवीस जणांच्या लेखी तुमचा नियम संपला. त्याच्याशी आधी एकट्यात बोलावे, त्याच्या कामाची किंमत तुम्हाला आहे हे मोकळेपणाने सांगावे, आणि तरीही नियम त्यालाही तसाच लागू राहील हे स्पष्ट करावे.

उशीर, गैरहजेरी, नोंद न करणे अशा बाबींत पायरीपायरीने जावे. पहिल्यांदा कारण विचारावे, आणि ते खरोखर ऐकून घ्यावे. स्टाफ बसच उशिरा आली असेल तर तो त्या कामगाराचा दोष नसतो, आणि घरी कोणी आजारी असेल तर काही दिवस पाळी बदलून देता येते. दुसऱ्यांदा तोंडी समज द्यावी आणि तारीख वहीत टिपून ठेवावी. त्यानंतरही तेच घडले तर लेखी द्यावे, त्यात काय घडले, केव्हा घडले एवढेच असावे, ‘बेजबाबदार’, ‘आळशी’ अशी विशेषणे नसावीत. शिक्षा ठरवण्याआधी त्याची बाजू ऐकलीच पाहिजे. हा केवळ कायद्याचा उपचार नाही, कारण निम्म्या वेळा आपल्याला अर्धीच गोष्ट ठाऊक असते.

पाळी बदलतानाची दहा मिनिटे

माझ्या मते सगळी शिस्त आणि सगळी नम्रता या दहा मिनिटांत दिसते, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. सात, तीन आणि अकरा या वेळा जेथे चालतात तेथे जुनी पाळी घरी जायच्या घाईत असते आणि नवी पाळी अजून डबा ठेवत असते. या घाईत जे सांगायचे राहून जाते त्यातूनच पुढच्या आठ तासांतले बिघाड निघतात.

पाळी सोपवायची ती मशीनजवळ उभे राहून, दोन्ही पाळ्यांचे इन्चार्ज आणि दोन्ही ऑपरेटर समोर असताना. लॉगबुक उघडे ठेवावे आणि तीन गोष्टी याच क्रमाने बोलाव्यात: काय बिघडले किंवा बिघडत आहे, कोणती दुरुस्ती तात्पुरती केली आहे, आणि किती माल झाला. आकडा मुद्दाम शेवटी घ्यावा. तो आधी घेतला की चांगला आकडा सांगून झाल्यावर बिघाडाबद्दल बोलायला कोणालाच उत्साह राहत नाही. तात्पुरती दुरुस्ती हा सर्वांत धोक्याचा भाग असतो, कारण तारेने बांधलेला गार्ड किंवा बायपास केलेला सेन्सर पुढच्या पाळीला माहीत नसेल तर एखाद्याचा हात जाऊ शकतो. खरे तर अशी दुरुस्ती करूच नये. मशीन बंद ठेवण्याची जबाबदारी तुम्ही अंगावर घ्यावी, ती ऑपरेटरवर ढकलू नये.

आधीच्या पाळीने काही अर्धवट ठेवले असेल तर ‘तुमचे नेहमीचेच आहे’ असे म्हणू नये. ‘हे कसे झाले?’ एवढेच विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. आपल्या पाळीची चूक तर आपणच आधी सांगावी. तुम्ही एकदा ‘काल हे रीडिंग घ्यायचे माझ्याकडून राहिले’ असे म्हणालात की पुढच्या आठवड्यात ऑपरेटरही तसे म्हणायला लागतो.

विचारण्याची सवय

इन्चार्ज झाल्यावर सगळे आपल्यालाच आले पाहिजे असे वाटू लागते. पंधरा वर्षे एकाच मशीनवर काम केलेल्या माणसाला तिचा आवाज तुमच्यापेक्षा अधिक कळतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. ‘काका, हा आवाज तुम्हाला बरोबर वाटतो का?’ असे विचारून पाहावे. उत्तर उपयोगी पडले तर रात्रीच्या अहवालात त्यांच्या नावानिशी लिहावे, आणि व्यवस्थापकांसमोर विषय निघाला की तेथेही त्यांचेच नाव घ्यावे. कामाचे श्रेय मधल्या पायरीवर अडकून राहणे ही कामगारांची फार जुनी आणि रास्त तक्रार आहे.

हाक मारण्याकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडे सहज ‘ए पोट्ट्या’ म्हटले जाते, आणि कंत्राटी मुलांना तर नावच नसल्यासारखे वागवले जाते. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांची नावे पाठ करावीत, कंत्राटदाराच्या माणसांचीही. वयाने मोठ्यांना तुम्ही म्हणावे आणि भाऊ, काका, ताई यांतले जे शोभेल ते म्हणावे. याला एक पैसाही लागत नाही, तरी एवढ्यानेच कितीतरी माणसे दोन पावले पुढे येऊन बोलू लागतात.

उत्साह कशाने टिकतो

याचे उत्तर आपल्याच शहराच्या इतिहासात आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू झाली आणि तिचे व्यवस्थापन बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे सोपवण्यात आले. ते रेल्वेतून आलेले होते, कापड गिरणीचा अनुभव त्यांना नव्हता. सुरुवातीला कामगारांची गैरहजेरी फार होती. दंड वाढवण्याऐवजी तेथे बक्षिसे, खेळांचे दिवस, निवृत्तिवेतन आणि अपघाताची भरपाई अशा सोयी सुरू करण्यात आल्या. देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 मध्ये आला, हे लक्षात घेतले तर त्या निर्णयांचे मोल कळते. गिरणीत हवा खेळती राखण्याची आणि तिच्यात ओलावा ठेवण्याची यंत्रणाही बसवली गेली. कोरड्या हवेत सूत तुटते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात माणूसही थकतो. त्या एका उपायाने दोघांचीही सोय झाली.

शिफ्ट इन्चार्जच्या हातात निवृत्तिवेतन नसते, पण पिण्याचे पाणी असते. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा थंड पाण्याचा कूलर लाइनपासून किती दूर आहे, पत्र्याखालचा पंखा चालू आहे का, दुपारी दोनच्या उन्हात माल चढवण्याचे काम सकाळी उरकता येईल का, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. अशा वेळी भाषण देण्यापेक्षा पंखा दुरुस्त करून घेणे अधिक उपयोगाचे असते.

सुट्यांचे वेळापत्रक हाही तुमच्या हातातला विषय आहे, आणि त्यातल्या अन्यायाची आठवण माणसे वर्षानुवर्षे ठेवतात. पोळा आणि तान्हा पोळा, ईद, दिवाळी, तसेच दसऱ्याला दीक्षाभूमीवर होणारा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा, यांपैकी कोणता दिवस कोणासाठी महत्त्वाचा आहे हे दोन महिने आधी विचारावे आणि तक्ता भिंतीवर लावावा. गेल्या वर्षी ज्याने सणाला ड्यूटी केली त्याला यंदा आधी सुटी, हा नियम सगळ्यांना पटतो. त्या तक्त्यात तुमचेही नाव सणाच्या ड्यूटीवर असावे. मी इन्चार्ज झाल्यापासून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळच्या पाळीसाठी पहिले नाव स्वतःचे लिहितो, आणि दुसरे नाव लिहिण्यासाठी मला कधीही कोणावर सक्ती करावी लागलेली नाही.

एका बाबतीत मात्र समजूतदारपणा दाखवून प्रकरण आपसात मिटवायला जाऊ नये. एखाद्या स्त्री सहकाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार केली तर ती अंतर्गत समितीकडे जाण्यासाठी तिला मदत करावी. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशी समिती असणे बंधनकारक आहे. तेथे तुमचे काम मध्यस्थी करण्याचे नसते.

चार दिवस रजेवर जाताना

सहा महिन्यांनी चार दिवसांची रजा घ्यावी आणि पाळी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाकडे पूर्णपणे सोपवावी. तासातासाला फोन करू नये. परत आल्यावर कोणालाही काही विचारण्याआधी लॉगबुक शांतपणे वाचावे. बिघाडांच्या नोंदी वेळेसह असतील तर टीम तुमच्या धाकावाचून चालते आहे असे समजावे. चारही दिवस ‘सर्व ठीक’ एवढेच लिहिलेले असेल तर काळजी करावी आणि मशीनजवळ जाऊन पाहावे. तुमच्या मागे घेतलेला एखादा निर्णय तुम्हाला पटला नाही तर तो सगळ्यांसमोर फिरवू नये. ज्याने तो घेतला त्याच्याजवळ बसून आधी त्याचे कारण ऐकावे, बदल गरजेचा असेल तर दोघांनी ठरवावा, आणि तो टीमला त्याच्याच तोंडून कळू द्यावा.